पायाच्या अंगठ्याचं नख पुन्हा पुन्हा रुततंय: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबायचं

लक्षणं

दुखणं नखाच्या मधोमध नसून कडेला असतं. बहुतेकांना ते अंगठ्याच्या दुसऱ्या बोटाकडच्या बाजूला होतं. सुरुवातीला कडेचं मांस लालसर आणि फुगलेलं दिसतं, दाबलं की कळ येते, बंद बूट घातला की ठणकतं आणि चप्पल घातली की बरं वाटतं. पुढच्या टप्प्यात कडेतून पाणी किंवा पू येतो, मोज्याला डाग पडतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. तिसऱ्या टप्प्यात नखाच्या कडेवर लाल, ओलसर मांसाचा कोंब वाढतो. त्याला जरा धक्का लागला तरी रक्त येतं आणि नखाची कड त्याखाली दिसेनाशी होते.

पहिल्या टप्प्यात खालचे सगळे घरगुती उपाय चालतात. दुसऱ्यात पू थेंबभरच असेल आणि बाकी तब्येत ठणठणीत असेल, तर दोन-तीन दिवस शेक घेऊन पाहायला हरकत नाही. तिसऱ्या टप्प्यात घरी काहीही करू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

दुखणं नक्की नखाचंच आहे ना, हे बोटाने चाचपून पाहायला काहीच खर्च येत नाही. नखाची कड बाजूने दाबल्यावर कळ आली तर नख रुतलंय. नख वरून मधोमध दाबल्यावर जास्त दुखत असेल तर नखाखाली रक्त साकळलंय का, किंवा हाडाचा उंचवटा वाढलाय का, हे पाहावं लागतं. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे तो पावलाला जोडलेला असतो, तो सांधा एका रात्रीत लालबुंद होऊन सुजला असेल तर संशय गाऊटचा, म्हणजे यूरिक आम्ल साठून होणाऱ्या सांधेदुखीचा. तिथे नखाशी खेळून उपयोग नाही. आणि नखाच्या मागच्या बाजूची, मुळाजवळची कातडी सुजली असेल, नख कित्येक महिने वाढलंच नसेल, जाड आणि पिवळट झालं असेल, तर नख मागच्या बाजूने कातडीत घुसत असण्याची शक्यता असते. धावणाऱ्यांमध्ये आणि तोकडे बूट घालणाऱ्यांमध्ये हे दिसतं. यात जुन्या नखाखालून नवं नख येऊन जुन्याला मागून उचलतं, एकावर एक थर साठतात, आणि कडा कितीही कापल्या तरी फरक पडत नाही.

यांनी घरी काही करायचं नाही

मधुमेह असेल, पावलं बधिर असतील किंवा त्यांना सतत मुंग्या येत असतील, चालताना पोटऱ्या भरून येऊन थांबावं लागत असेल, पावलं थंड आणि निळसर पडत असतील, तर कात्री, कापूस, शेक यातलं काहीही घरी सुरू करू नका. बधिर पायाला गरम पाणी पोळल्याचंही कळत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असलेल्या बोटावर केलेली बारीक जखमसुद्धा महिनोन्‌महिने भरत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण माणसाच्या अंगठ्याला जखम झाली, बोट काळपट पडायला लागलं आणि रात्री झोपेतून उठवणारी आग होत असेल, तर ते बऱ्याचदा रुतलेलं नख नसतं. तंबाखूमुळे बारीक रक्तवाहिन्या बंद पडण्याचा आजार असतो, आणि अशा बोटाचं नख काढलं तर बोटच गमावण्याची वेळ येऊ शकते. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या हाडांच्या मधे नाडी लागते का, हे डॉक्टर आधी पाहतात ते याचसाठी.

मधुमेह आहे की नाही हेच माहीत नसेल आणि अंगठा वर्षात तीन-चार वेळा पिकत असेल, तर साखर तपासून घ्या. ही तपासणी स्वस्तही आहे आणि जवळच्या कोणत्याही प्रयोगशाळेत होते.

पहिली तपासणी: नख कापलं कसं जातंय

परत परत रुतणाऱ्या नखांत सर्वांत जास्त वेळा दोष इथेच सापडतो. कोपरा दुखतो म्हणून माणूस कोपऱ्यात कात्री घालून खोलवर तिरकं कापतो. दोन दिवसांत आराम पडतो. पण कडेचं मांस आता मोकळं झालेल्या जागेत सरकतं, आणि खोल कापताना शेवटचा भाग बहुधा तुटलेला नसतो: तिथे सुईसारखं टोक राहतं. नख मुळाकडून पुढे सरकतं तेव्हा हे टोक समोरच्या मांसात काट्यासारखं घुसतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणून तक्रार एक-दोन महिन्यांनी परत येते. लोक मग पुन्हा कोपरा काढतात आणि चक्र चालू राहतं.

त्यामुळे नियम असा की कोपरा काढायचा नाही, तो मांसाच्या पुढे येऊ द्यायचा. नख सरळ आडवं कापा, बोटाच्या टोकाइतकं लांब ठेवा, आणि दोन्ही कोपरे डोळ्यांना मोकळे दिसले पाहिजेत. टोकदार कोपरा मोज्यात अडकत असेल तर कानसेने किंचित गोल करा, कापू नका. नेहमीचं नेलकटर हाताच्या नखांसाठी वाकडं असतं, ते आपोआप गोलाई देतं. पायासाठी सरळ धारेचं, मोठं नेलकटर घ्या. अंघोळीनंतर नख मऊ असताना, एका झटक्यात न कापता तीन-चार छोट्या कापांत कापा. बोटांनी ओढून किंवा तोडून काढलेलं नख तर हमखास टोक सोडतं. पार्लरमध्ये पेडिक्युअर करताना कोपरे आत जाऊन साफ करण्याची पद्धत असते. तिथे बसण्याआधीच नको म्हणून सांगा.

नखाच्या मधोमध इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, असं बरेच जण सांगतात. त्याने काही होत नाही. नख मुळातून वाढतं, पुढच्या टोकाला काय केलं याचा कडांच्या दिशेवर परिणाम होत नाही.

दुसरी तपासणी: पायात काय आहे

कोरा कागद जमिनीवर ठेवा, त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि पेन्सिल सरळ धरून पावलाची कड आखून घ्या. बुटाचा आतला तळ काढता येत असेल तर तो त्या आकृतीवर ठेवा. नसेल तर बूटच ठेवा. चवड्याच्या भागात पाऊल बाहेर डोकावत असेल तर तो बूट तुमच्या नखाला कडेने दाबतोय, लांबी बरोबर असली तरी. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी. काहींचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, त्यांनी त्या बोटापासून मोजावं. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पावलं थोडी फुगतात.

मुलांच्या बाबतीत हा दोष वर्षाच्या ठरावीक काळात सापडतो. जूनमध्ये शाळेचे बूट घेतले जातात, दिवाळीनंतर पाय वाढलेले असतात, पण बूट वर्षभर पुरवायचे असतात. वाढत्या वयात दर तीन-चार महिन्यांनी बोटापुढची जागा दाबून पाहा. कारखान्यातले पुढून लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज एक नंबर लहान असले तर बूट सैल व्हायची वाट पाहण्यात अर्थ नाही, लोखंड सैल होत नाही. सैल बूटही तितकाच वाईट: पाऊल पुढे घसरतं आणि प्रत्येक पावलाला नख बुटाच्या टोकावर आपटतं. फुटबॉल खेळणारे, गड चढणारे यांना उतरणीवर हाच त्रास होतो. उतरायला लागण्यापूर्वी टाच मागे टेकवून, वरच्या बाजूच्या नाड्या घट्ट बांधा.

कोल्हापुरी चपलेत चामड्याचं जे कडं अंगठ्यात घालतात, ते नवीन असताना कडेला करकचून बसतं. अंगठा आधीच दुखत असेल तर त्या काळात पुढून पूर्ण उघडी, रुंद पट्ट्याची सँडल घाला. घट्ट नायलॉनचे मोजेही बोटांना एकमेकांवर दाबतात. सुती मोजे, तेही बोटांपाशी थोडे मोकळे, बरे.

तिसरी तपासणी: ओल

घामेजलेल्या किंवा भिजलेल्या पायाची कातडी मऊ पडते आणि नखाचं टोक तिच्यात सहज शिरतं. पावसाळ्यात तक्रारी वाढतात त्या यामुळे. भातलावणीत तासन्‌तास चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्याच काळात अंगठ्याच्या कडाही पिकतात. भिजलेला बूट दुसऱ्या दिवशी तसाच घालू नका. दोन जोड ठेवून आलटून पालटून वापरा आणि ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. दिवसातून एकदा मोजे बदला. बेचक्यांना तेल किंवा मलम फासून ठेवण्यापेक्षा ती कोरडी ठेवा. बेचक्यांत खाज येऊन पांढरी साल निघत असेल तर ती बुरशी आहे, तिच्यावर आधी उपचार करा. मात्र दुकानदाराने दिलेली तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब वापरू नका. त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते.

चौथी पायरी: शेक आणि कापूस

आता खर्च दहा-वीस रुपयांचा, पण चिकाटी लागते. कोमट पाण्यात पाय पंधरा मिनिटं बुडवा, दिवसातून दोन-तीनदा. मीठ घातलं तरी चालतं, लिटरला एक-दोन चमचे. नाही घातलं तरी फारसं बिघडत नाही. काम पाण्याचं आहे: कड मऊ करणं आणि साचलेलं धुऊन काढणं. पाय पुसून पूर्ण कोरडा करा.

स्वच्छ कापसाची दोन-तीन मिलिमीटर जाडीची, सेंटिमीटरभर लांबीची वात वळा. नखाचा कोपरा हलकेच उचलून ती कोपऱ्याखाली सरकवा. टोकेरी सुई किंवा कात्रीचं टोक वापरू नका. बोथट काडी किंवा दातांच्या फटी साफ करायचा मेण लावलेला दोरा चालतो. वात आत गेली की कोपरा मांसाच्या वर राहतो आणि वाढताना पुढे निघतो. पहिले दोन-तीन दिवस जरा दुखतं, पॅरासिटामॉल पुरते. वात रोज बदला. ओली वात दोन-तीन दिवस तशीच ठेवली तर तिथेच पू होतो, आणि लोक म्हणतात कापसाने बिघडलं.

किती दिवस? रुतलेला कोपरा तीन-चार मिलिमीटर आत असेल तर महिन्याला दीड मिलिमीटरच्या हिशेबाने दोन-अडीच महिने. दुखणं मात्र आठवड्याभरातच कमी होतं, आणि नेमकं तेव्हाच लोक सोडून देतात. आठवडाभर नीट करूनही दुखणं उतरलं नाही तर पुढे रेटू नका.

जोडीला चिकटपट्टीचा उपाय करता येतो. कापडी, ताणली जाणारी चिकटपट्टी दीड-दोन सेंटिमीटर रुंद कापा. तिचं एक टोक नखाच्या अगदी लगत, सुजलेल्या मांसावर चिकटवा. मग पट्टी खाली आणि नखापासून दूर ओढत बोटाच्या तळाखालून तिरकी नेऊन दुसऱ्या बाजूला चिकटवा. मांस नखापासून बाजूला खेचलं गेलं पाहिजे. पट्टी बोटाभोवती पूर्ण गोल गुंडाळू नका, रक्त अडतं. बोट पांढरं किंवा निळं पडलं तर लगेच काढा. ओल्या किंवा वाहत्या जागेवर पट्टी टिकत नाही, म्हणून ती पहिल्या टप्प्यातच उपयोगी.

काही उपाय नकोतच. हाताच्या पिकलेल्या बोटाला लिंबू खोचून ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे, पण पायात टोचणारं नखाचं टोक लिंबाने विरघळत नाही. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. कुरूप काढायच्या औषधी पट्ट्यांत कातडी खाणारं आम्ल असतं, ते इथे जखम मोठी करतं. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतल्याने भरत आलेली जखम मागे जाते.

पाचवी तपासणी: नख किंवा बोटच बदललंय का

कापणं सुधारलं, बूट बदलले, तरी परत रुततंय, तर नखाकडे समोरून पाहा. कडा दोन्ही बाजूंनी चिमट्यासारख्या आत वळल्या असतील तर कापण्याच्या पद्धतीने ते वळण सुटणार नाही. अशा नखावर तारेची किंवा पट्टीची कमान बसवून कडा वर खेचण्याची सोय काही त्वचारोगतज्ज्ञांकडे असते. त्याला महिने लागतात आणि कमान वारंवार पुढे-मागे करावी लागते.

नख जाड, पिवळं, भुसभुशीत झालं असेल तर बुरशीचा संशय घ्या, पण नुसतं पाहून औषध सुरू करू नका. मार लागूनही नख असंच दिसतं, आणि सोरायसिसमध्येही. नखाखालचा भुसा खरवडून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहण्याची) होते, तीही स्वस्तात. बुरशी नक्की झाली तर पायाच्या नखांसाठी टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज, साधारण १२ आठवडे देतात, आणि त्याआधी यकृताची तपासणी करतात. १२ आठवड्यांनी औषध थांबलं तरी नख तसंच दिसेल. नवं स्वच्छ नख पूर्ण यायला १२ ते १८ महिने लागतात, आणि औषध लागू पडलं नाही असं समजून लोक तिसऱ्याच डॉक्टरकडे जातात.

मग बोटांची ठेवण. अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकला असेल आणि त्याच्या मुळाशी आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा आला असेल, तर अंगठ्याचं नख दुसऱ्या बोटावर सतत दाबलं जातं. दोन बोटांच्या मधे सिलिकॉनचा तुकडा किंवा लोकरीचा बोळा ठेवल्याने दाब कमी होतो. पण त्यासाठी बूट आधी रुंद हवा, नाहीतर तो तुकडा दाब वाढवतोच. सिलिकॉनमुळे हाड सरळ होत नाही. हाडाची शस्त्रक्रिया नखासाठी करायची नसते, चालताना सांधा दुखत असेल तरच अस्थिरोगतज्ज्ञांशी त्याबद्दल बोला.

तरुण मुलांच्या बाबतीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो: मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का? या औषधाने नखाभोवतीची कातडी नाजूक होते आणि कडेला मांसाचे कोंब येतात, कधी एकाच वेळी अनेक बोटांना. कर्करोगाच्या काही गोळ्यांनीही असं होतं. औषध स्वतः बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बोट दाखवा.

कधी थांबायचं

कडेची लाली अंगठ्यावरून पावलाकडे पसरत असेल, ताप आला असेल, जांघेत गाठ आली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. मांसाचा कोंब आला असेल, पू तीन दिवसांत कमी झाला नसेल, किंवा एकच कोपरा वर्षात तिसऱ्यांदा पिकला असेल, तर त्या आठवड्यात. नखाखाली मुका मार न लागता काळा-तपकिरी पट्टा आला असेल, तो रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ: हा त्वचेच्या कर्करोगाचा प्रकार असू शकतो. उपचार करूनही न भरणारा, सतत रक्त येणारा मांसाचा कोंब असेल तर त्याचा तुकडा तपासायला पाठवायला सांगा. वरून दाबल्यावर टणक उंचवटा लागत असेल तर आधी एक्स-रे.

प्रतिजैविकांबद्दल गैरसमज मोठा आहे. पाच दिवसांच्या गोळ्यांनी पू आटतो, टोचणारं टोक आतच राहतं, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. संसर्ग पसरत असेल तरच त्या लागतात.

डॉक्टरकडे काय विचारायचं

जनरल सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ हे काम करतात. पूर्ण नख उपटून काढायचा सल्ला मिळाला तर कारण विचारा. मूळ तसंच राहिलं तर नवं नख तेवढ्याच रुंदीचं येतं आणि पुन्हा रुतण्याची शक्यता मोठी असते. शिवाय नख नसताना बोटाच्या टोकाचं मांस वर चढतं आणि नवं नख त्याला अडतं. वारंवार रुतणाऱ्या नखासाठी योग्य शस्त्रक्रिया म्हणजे फक्त दुखणाऱ्या बाजूची तीन-चार मिलिमीटरची पट्टी उभी काढणं आणि त्या पट्टीच्या मुळाला फिनॉल या रसायनाने जाळणं. तेवढा भाग मग परत उगवत नाही, बाकीचं नख शाबूत राहतं.

बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बधिर करायचं इंजेक्शन देतात. दुखतं ते एवढंच. काम वीसेक मिनिटांत होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदर असाल किंवा कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. गरोदरपणात फिनॉल टाळतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून जा.

पहिला दिवस पाय उंच ठेवा. फिनॉलनंतर दोन ते चार आठवडे पिवळसर पाणी येत राहतं. तो पू नसतो, जळालेल्या भागाचा स्राव असतो, त्याला घाबरून पुन्हा गोळ्या सुरू करू नका. रोज धुऊन कोरडं ड्रेसिंग करा, पुढून उघडी चप्पल घाला. दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढलं, लाली पसरली किंवा स्रावाला दुर्गंधी आली तर दाखवायला जा. नख आधीपेक्षा जरा अरुंद दिसेल, तसंच अपेक्षित आहे. काही महिन्यांनी त्याच कडेला केसासारखं बारीक नख उगवलेलं दिसलं तर मुळाचा तुकडा राहिला आहे. ते घरी उपटू नका, तेवढ्याच भागाला पुन्हा फिनॉल लावून घ्या.